कर्करुग्ण आणि त्याचे घर : नागपूर-विदर्भातील आधारव्यवस्थेची ओळख

कर्करुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला लागणारा आधार दोन प्रकारचा मानण्याची रीत आहे : एक मनाचा, दुसरा व्यवहाराचा. पाठ्यपुस्तकांत त्यांची प्रकरणे वेगळी असतात आणि ती शिकवणारी माणसेही वेगळी असतात. नागपूरच्या रुग्णालयांच्या आवारात ही वाटणी फार वेळ टिकत नाही. भामरागडहून किंवा बालाघाटहून आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, फाईल कोणत्या खिडकीवर द्यायची ते कळले आणि उपचार योजनेत बसतो की नाही हे कोणी समजेल अशा भाषेत सांगितले, की त्याच्या भीतीचा मोठा भाग तिथेच ओसरतो. यांपैकी कशाचाच पत्ता नसलेल्या माणसाला ‘धीर धरा’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. म्हणून या विषयाची मांडणी उपचाराच्या वाटेने करणे सोयीचे : निदान, उपचाराचे आठवडे, घरची शुश्रूषा, वेदनाशमन आणि त्यानंतरचे दिवस. मनाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न या वाटेवर प्रत्येक वळणाला बरोबरच भेटतात.

मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्याची कर्करोग-चिकित्सा नागपुरात एकवटली आहे. पूर्व विदर्भातले गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. पश्चिमेकडचे यवतमाळ, अमरावती. शिवाय मध्य प्रदेशातले छिंदवाडा, सिवनी, बैतूल, छत्तीसगडचा राजनांदगावकडचा भाग आणि तेलंगणातले आदिलाबाद, असे सगळीकडचे रुग्ण इथे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारे नागपूर नुसते ‘मेडिकल’ म्हणते, हा गरिबाचा पहिला दरवाजा. मानेवाडा रस्त्यावर कॅन्सर रिलीफ सोसायटीचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ज्यांचे नाव त्याला दिले, ते तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरीला कर्करोगानेच गेले. वर्धा मार्गावर जामठ्याला डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१७ पासून उभी राहिली. त्याआधीच्या पिढीला गुंतागुंतीच्या उपचारासाठी एकच वाट ठाऊक होती : रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर मुंबई आणि तिथून परळचे टाटा स्मारक रुग्णालय. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाकडे आजही विदर्भातून लोक जातात, पण आता बहुतेकांचा पहिला मुक्काम नागपूर असतो.

इथल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार, आणि त्याचे कारण नाक्यानाक्यावरच्या पानठेल्यावर विकायला असते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार होतो. तो गालात धरून तासन्‌तास चघळला जातो, गप्पांत वाटला जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडे बायका आणि शाळकरी मुलेही त्यातून सुटलेली नाहीत. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी खर्रा हातावरच तयार होत असल्यामुळे त्याला कारखाना लागत नाही आणि वेष्टनही लागत नाही. आधी तिखट लागताच तोंड जळजळते, मग तोंड पूर्वीइतके उघडेनासे होते, पुढे न भरणारा व्रण दिसतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी दवाखान्यात जात नाही. ‘उष्णता झाली’ म्हणून महिने निघून जातात.

या कारणामुळे इथल्या रुग्णाच्या मनावर एक जास्तीचे ओझे असते. हृदयविकार झालेल्याला पाहुणे कळवळून भेटतात. खर्रा खाणाऱ्याला तोंडाचा कर्करोग झाला की भेटायला आलेला माणूसही ‘सांगत होतो, ऐकलं नाही’ हे वाक्य बरोबर घेऊन येतो. रुग्ण स्वतःला तेच सुनावत असतो. या अपराधभावातून पुष्कळ जण उपचारच टाळतात : आपण केले, आपण भोगू, पोरांचा पैसा कशाला घालवायचा. समुपदेशकाचे पहिले काम इथे असते. खर्रा सोडायला लावणे आवश्यकच आहे, कारण तो चालू राहिला तर उपचाराचा गुण कमी येतो आणि दुसऱ्या कर्करोगाचा धोका राहतो. पण व्यसनमुक्ती आणि दोषारोप यांची गल्लत झाली की रुग्ण दोन्हींपासून पळतो. बाप वॉर्डात असताना मुलगा समोरच्या पानठेल्यावर पन्नी घोटून घेत उभा, हे दृश्य कोणत्याही रुग्णालयाबाहेर दिसते. त्या मुलाशी बोलणे हाही आधाराच्या कामाचा भाग आहे, आणि तो हमखास राहून जातो.

निदानाच्या क्षणी कुटुंबाची पहिली विनंती ठरलेली असते : ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका. खचून जातील.’ फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘कर्करोग रुग्णालय’ लिहिलेल्या इमारतीत ही विनंती केली जाते. बाबा पाटी वाचतात, शेजारच्या खाटेवरच्याचे डोके पाहतात, आणि परिचारिकेला हळूच सांगतात, ‘मला कळलंय, पण पोरांपुढे बोलू नका.’ दोन्ही बाजू एकमेकांना वाचवत राहतात आणि त्या खटाटोपात घरातले साधे बोलणे बंद पडते. कुटुंबाची ही इच्छा प्रेमापोटी असते, तिला अडाणीपणा म्हणून झटकणे चूक ठरेल. मात्र तिच्यापुढे मान तुकवण्याचीही किंमत असते : शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग जाणार आहे हे ज्याला सांगितलेले नाही, तो शुद्धीवर आल्यावर कुणावरही विश्वास ठेवत नाही. वाईट बातमी सांगण्याची जी सहा टप्प्यांची पद्धत २००० साली अमेरिकी डॉक्टरांनी मांडली आणि आता जगभर शिकवली जाते, तिचा गाभा इथे उपयोगी पडतो. आधी विचारायचे की तुम्हाला आतापर्यंत काय कळले आहे. मग विचारायचे की पुढचे किती जाणून घ्यायचे आहे, की ते मुलाला सांगितलेले चालेल. ‘मुलाला सांगा’ हे उत्तरही रुग्णाचा स्वतःचा निर्णय असतो. त्याला न विचारता तोच निर्णय परस्पर घेणे वेगळे.

लहान मुलांना तर कोणीच काही सांगत नाही. आईला गाठ निघाली की मुलांना मामाकडे पाठवतात. तिथे ती ऐकीव तुकडे जोडत बसतात. आपण त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, असा समज मुले सहज करून घेतात. आईला कोणता आजार आहे, तो कुणामुळे झालेला नाही, तिच्या कुशीत झोपल्याने लागत नाही, आणि ती केव्हा परत येणार : चार वाक्यांत हे सांगता येते. मोठ्यांनाही तिसरे वाक्य सांगावे लागते. कर्करोग संसर्गजन्य नाही हे शाळेच्या पुस्तकात असूनही अनेक घरांत रुग्णाचे ताट-पेला वेगळा होतो, आणि त्या वेगळ्या पेल्याने रुग्ण जेवढा दुखावतो तेवढा सुईनेही दुखावत नाही.

किरणोपचार म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘शेक’ किंवा ‘लाईट’. तोंड-घशाच्या कर्करोगात त्याच्या साधारण तीस ते पस्तीस बैठका असतात, आठवड्याला पाच. एक बैठक काही मिनिटांत संपते; पण सहा-सात आठवडे रोज रुग्णालयात हजर राहावे लागते. दोनशे किलोमीटरवरून हे रोज शक्य नाही. म्हणजे दोन माणसांची दीड महिन्याची राहण्याची आणि जेवणाची सोय हा उपचाराचाच भाग झाला, जरी तो कागदावर लिहिलेला नसतो. बैठका मध्येच चुकल्या तर गाठीच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. सोयाबीनची काढणी आली, कापूस वेचायला माणूस नाही, खोलीचे भाडे थकले, अशा कारणांनी रुग्ण अर्ध्यातून गावी जातात. फाईलवर ‘उपचार सोडला’ एवढीच नोंद राहते, आणि वाचणाऱ्याला वाटते की रुग्ण बेफिकीर होता.

या गरजेची जाण वैद्यकशास्त्राच्या आधी एका वैदर्भीय संताला आली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज देवळे बांधत फिरले नाहीत. त्यांनी धर्मशाळा उभारल्या, आणि मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांचे वर्षानुवर्षांचे घर झाली आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती हेच काम करते. नागपुरात रुग्णालयांलगतच्या धर्मशाळा आणि सामाजिक संस्थांच्या खोल्या आहेत, तरी गरज नेहमीच जास्त. मेडिकलच्या आवारात झाडाखाली चटई टाकून राहणारे नातेवाईक उन्हाळ्यातही दिसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा शेक घेतलेल्या मानेची होरपळलेली कातडी उघड्यावर सांभाळणे किती अवघड आहे, ते सांगायला नको. निवाऱ्याची चौकशी म्हणून पहिल्या बैठकीच्या आधी व्हायला हवी, दुसऱ्या आठवड्यात नव्हे.

प्रवासाचा खर्च रेल्वेच्या सवलतीने बराच हलका होतो. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसी या वर्गांत भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मागायचे असते हेच बहुतेकांना माहीत नसते.

उपचाराच्या खर्चासाठी राज्याची मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. २०१७ मध्ये नाव बदलले. कुटुंबामागे वर्षाला असलेली दीड लाखाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर गेली आणि योजनेची दारे सर्व शिधापत्रिकाधारकांना उघडली. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तपासणीचे अहवाल घेऊन दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटावे, कारण मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. नावातल्या एका अक्षराचा फरक, शिधापत्रिकेत न चढवलेली सून, गावीच राहिलेला कागद, अशा गोष्टींवर दिवस जातात. धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना घालून दिली. मुख्यमंत्री सहायता निधी वेगळा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दरमहा मिळणारी रक्कम लहान असली तरी मजुरी बुडालेल्या घरात तिच्यावर किराणा येतो. ही सगळी माहिती एका कागदावर, मराठी आणि हिंदीत, पहिल्या भेटीत हाती देण्याला फारसा खर्च नाही. तरीही बहुतेक कुटुंबांना ती शेजारच्या खाटेवरून तुकड्या-तुकड्यांनी कळते.

शुश्रूषेचा भार मात्र कोणत्याही योजनेत मोजला जात नाही. जबड्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी येतो तो नाकातून पोटात गेलेल्या नळीसह. दर दोन-अडीच तासांनी त्याला बसते करून, नळी जागेवर आहे हे नाकाजवळच्या खुणेवरून पाहून, सिरिंजने सावकाश पातळ अन्न सोडायचे, शेवटी साधे पाणी सोडून नळी धुवायची आणि पुढचा अर्धा तास रुग्णाला आडवे होऊ द्यायचे नाही. ज्वारीची आंबील, मुगाच्या डाळीचे पाणी, दूध, खिमटी, सारे वस्त्रगाळ. एक कण अडकला की नळी तुंबते आणि पुन्हा शहर गाठावे लागते. सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ही शिक्षाच वाटते, आणि नळी निघाल्यावरही तिखट दीर्घकाळ बंद राहते. पुढे तोंड आखडू नये म्हणून व्यायाम असतो : आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दुखते, म्हणून रुग्ण टाळतो. रोज काड्या मोजून घेणारी कोणी घरात असेल तरच हा व्यायाम होतो, आणि ती बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते. केमोच्या दिवसांत आणखी एक गोष्ट तिला पक्की सांगितलेली हवी. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. जवळचे कोणते रुग्णालय, कोणती गाडी, कोणाला फोन, हे केमो घेऊन घरी निघण्याआधीच ठरवून घ्यावे लागते.

शुश्रूषा करणारी बाई स्वतः आजारी पडली तर घरात दुसरा गडी नसतो. तिची झोप, तिची पाठदुखी, तिची बुडालेली मजुरी यांची विचारपूस कोणाच्या कामात येत नाही. आणि तीच रुग्ण असेल तर? स्तनातली गाठ ती महिनोन्‌महिने अंगावर काढते, कारण घरातली कामे कोण करणार हा प्रश्न तिच्याच डोक्यात असतो. पहिल्या आठवड्यात नवरा बरोबर असतो, नंतर भाऊ, नंतर म्हातारी आई. स्तन काढल्यावर ब्लाउजच्या आत घालायचा कृत्रिम स्तन मिळतो, केस परत येतात, शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजू नये म्हणून व्यायाम आहेत : हे तिला डॉक्टरपेक्षा त्यातून गेलेली बाई अधिक नीट सांगू शकते.

सहरुग्णाच्या आधाराची कल्पना जुनी आहे. टेरेस लॅसर या स्तनशस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकी बाईने १९५२ साली नव्या रुग्ण स्त्रियांना भेटायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम जगभर पसरला. मुंबईत १९९४ पासून व्ही केअर फाउंडेशन हेच काम करते. कर्करोगातून बरे झालेली माणसे तिथे नव्या रुग्णांशी बोलतात. कर्करुग्णाच्या मनाचा वैद्यकीय अभ्यास न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून रुजवला. या क्षेत्राने एक धडा घेतला, तो सांगण्यासारखा आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या छोट्या अभ्यासात आधारगटातल्या स्तनकर्करुग्ण स्त्रिया दीड वर्ष जास्त जगल्या असे दिसले आणि जगभर आशा पसरली. २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, पण मनाची उदासी आणि वेदनेचा त्रास कमी झाल्याचे दिसले. ‘मन खंबीर ठेवा, रोग पळेल’ असे रुग्णाला सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. रोग वाढला तर तो आपल्याच मनाच्या कमकुवतपणामुळे, असा दोष त्या सल्ल्यातून रुग्णाच्या माथी येतो. झोप उडणे, जेवण सुटणे, ‘आता नको’ असे वारंवार म्हणणे ही मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची लक्षणे. तोवर सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

रोग हाताबाहेर गेल्यावर ‘आता घरी न्या’ हे वाक्य येते, आणि आधाराची खरी कसोटी तिथून लागते. लंडनमध्ये सिसली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अशा अखेरच्या काळातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, उघडले आणि शरीर, मन, नाती, पैसा यांची वेदना एकत्रच मोजावी लागते हे दाखवले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ चे. नागपुरात ‘स्नेहांचल’ अशा रुग्णांची काळजी घेते. तीव्र वेदनेवरचे औषध, तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, स्वस्त आहे; पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळात ते दुकानांतून आणि रुग्णालयांतूनही नाहीसे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते सहज मिळेल याची खात्री नाही. कुटुंबाचा विरोध हा दुसरा अडथळा : मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत. ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता, पोट साफ होण्याच्या औषधासह दिलेले मॉर्फिन माणसाला झोपेत ढकलत नाही. उलट रात्रभर कण्हणारा माणूस सकाळी नातवाशी बोलू लागतो. शिवाय ही शुश्रूषा फक्त शेवटच्या दिवसांसाठी नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात सुरुवातीपासून वेदनाशमन मिळालेले रुग्ण कमी उदास राहिले आणि सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले, तेही शेवटच्या काळात केमोचा मारा कमी होऊन.

मृत्यूनंतर तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून सावकार येतात आणि कागद सुरू होतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्यायच्या, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा म्हणजे सातबारावर नाव चढते, बँक आणि विमा यांचे दावे लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून वीस हजार रुपये एकरकमी मिळतात. विधवेला संजय गांधी योजनेत स्वतंत्र अर्ज करता येतो. या काळात त्या बाईला काही सुचत नसते आणि दीर किंवा भाऊ सांगेल तिथे ती अंगठा उठवते, विशेषतः जमिनीच्या कागदावर. रुग्णालयातली जी समाजसेवा अधीक्षक किंवा स्वयंसेवी कार्यकर्ती वर्षभर या घराशी बोलत आलेली असते, तिने महिन्याभराने केलेला एक फोन इथे कामाचा ठरतो : कोणते अर्ज झाले, कोणते राहिले, सही करण्यापूर्वी कागद कोणाकडून वाचून घ्यावा, आणि रात्री झोप लागते का.